माता-बाल पोषणावरचा पहिला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू : सुरुवात करणाऱ्यांसाठी

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायची वेळ जवळ आली, की नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्सचे पीजी, होम सायन्सच्या एमएस्सीच्या विद्यार्थिनी, नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर यांच्यापैकी कुणीतरी दरवर्षी विचारतंच, "मॅडम, रामटेक-पारशिवनीला फील्डवर्कसाठी जाणं जमणार नाही. त्यापेक्षा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू घेऊ का? तो बसल्या जागी होतो ना?"

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीनं शोधून, तपासून एकत्र मांडणं. तो बसल्या जागी होतो, हे खरं. कमी वेळात होतो, हे मात्र खरं नाही. प्रॉस्पेरो या नोंदणीस्थळावरच्या रिव्ह्यूंचा हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला, तेव्हा नोंदणीपासून छापून येईपर्यंत सरासरी ६७ आठवडे लागलेले दिसले, तेही साधारण पाच जणांच्या टीमला. त्यामुळे एकट्यानं, परीक्षेच्या आधीच्या तीन महिन्यांत उरकायचा हा प्रकार नव्हे. किमान दोघं हवेत, तिसरा जाणकार हवा आणि शक्यतो एक ग्रंथपाल.

मात्र या विषयात आपल्याकडे एक भांडवल आहे. ज्यानं अंगणवाडीत वजनकाटा लावलाय, घरपोच आहाराचं पाकीट घरात गेल्यावर ते कोण कोण खातं हे पाहिलंय, बाळंतपणाच्या आधी गावातली लेक-सून कुठे जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पेपरमधल्या कोरड्या ओळीमागचं दिसतं. पुढच्या पायऱ्या वाचताना हे भांडवल कुठे वापरायचं, यावर माझा भर राहील. सॉफ्टवेअर कुणीही शिकवेल.

प्रश्न बांधणं

"गरोदर मातेचं पोषण आणि बाळाचं आरोग्य" हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्नाचे चार तुकडे पडले पाहिजेत : कोणत्या माता किंवा मुलं, त्यांना काय दिलं, कशाच्या तुलनेत दिलं, आणि शेवटी काय मोजलं. यालाच पिको म्हणतात. हे सगळ्यांनाच पाठ असतं, पण पोषणात "काय दिलं" या एका तुकड्यावर रिव्ह्यू उभा राहतो किंवा कोसळतो.

पूरक आहाराचंच घ्या. संतुलित ऊर्जा-प्रथिन आहार म्हणजे ज्यात एकूण ऊर्जेच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा प्रथिनांतून येते तो. कुपोषण जास्त असलेल्या भागातल्या गरोदर मातांना असा आहार द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. उलट, भरपूर प्रथिनांचं पूरक देण्याची शिफारस संघटना करत नाही. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या ट्रायलनंतर त्याबद्दल धोक्याची घंटा वाजली होती, आणि पुढे कॉक्रेन या असे रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रिव्ह्यूतही अशा पूरकानं गर्भवयाच्या मानानं लहान बाळांचं प्रमाण वाढल्याचं दिसलं. आता तुम्ही प्रश्नात नुसतं "आहार पूरक" लिहिलं, तर हे दोन्ही एकाच आकड्यात मिसळतील आणि उत्तर "फारसा फरक नाही" असं येईल. एकीकडे फायदा आणि दुसरीकडे नुकसान, आणि दोन्ही झाकले गेले. त्यामुळे प्रश्न लिहितानाच घटक, मात्रा, केव्हापासून आणि किती काळ, एवढं ठरवा.

तुलनेकडेही तितकंच बारीक बघा. मल्टिपल मायक्रोन्यूट्रियंट गोळ्यांच्या ट्रायलमध्ये समोरच्या गटाला बहुतेक वेळा लोह-फॉलिक अ‍ॅसिड मिळत असतं, रिकामी गोळी नव्हे. युनिमॅप नावाच्या प्रमाणित गोळीत १५ सूक्ष्म पोषकद्रव्यं असतात, पण लोह ३० मिलिग्रॅम. आपल्या सरकारी कार्यक्रमातल्या गरोदर मातांच्या गोळीत लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅम. समोरच्या गटात लोह किती होतं, हा रकाना तुमच्या तक्त्यात नसेल, तर अ‍ॅनिमियाबद्दलचा तुमचा निष्कर्ष नागपूर जिल्ह्याच्या उपयोगाचा राहणार नाही.

आधी कुणी केलंय का

हे एका संध्याकाळचं काम आहे, पण बरेच जण ते शेवटी करतात. कॉक्रेन लायब्ररी, पबमेड (वैद्यकीय पेपरांची मोफत सूची) आणि प्रॉस्पेरो, तिन्ही ठिकाणी बघा. कॉक्रेन रिव्ह्यूचा सारांश कुणालाही वाचता येतो. वर सांगितलेल्या मल्टिपल मायक्रोन्यूट्रियंटवर २०१९ चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, २० ट्रायल आणि १,४१,८४९ महिलांचा. कमी वजनाच्या बाळासाठी रिलेटिव्ह रिस्क ०.८८, म्हणजे धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी. एवढं झालेलं असताना तोच प्रश्न पुन्हा घेण्यात अर्थ नाही. पण गोळ्या नियमित घेण्याचं प्रमाण कसं वाढतं, त्या का सुटतात, दक्षिण आशियातल्या किशोरवयीन मातांमध्ये काय होतं, असे फाटे मोकळे असू शकतात. जुना रिव्ह्यू सापडला, तर त्याचा दर्जा अ‍ॅमस्टार-२ या पट्टीवर तपासा. तो कच्चा निघाला, तर तुमचा रिव्ह्यू का हवा याचं कारण तिथेच मिळतं.

प्रोटोकॉल आणि नोंदणी

शोध सुरू करण्याआधी सगळे नियम कागदावर उतरवा : कोणता अभ्यास घेणार, कोणता वगळणार, मुख्य निष्पत्ती (शेवटी मोजायची गोष्ट) कोणती, कोणते उपगट पाडणार. मग प्रॉस्पेरोवर नोंदवा. हे नोंदणीस्थळ २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या केंद्रानं सुरू केलं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. डेटा काढायला सुरुवात होण्याआधी नोंदवायचं असतं. स्कोपिंग रिव्ह्यू (विषयावर काय काय झालंय याचा नुसता आढावा) तिथे घेत नाहीत, म्हणून आपला प्रकार कोणता हे आधी ठरवा. एथिक्स कमिटीची परवानगी अशा कामाला सहसा लागत नाही, पण अनेक कॉलेजांत सूट दिल्याचं पत्र मागतात. ते सिनॉप्सिससोबतच मागून ठेवा.

निष्पत्ती ठरवताना मोह आवरा. जन्मवजन, कमी वजनाचं बाळ, अकाली प्रसूती, गर्भवयाच्या मानानं लहान बाळ, मातेचं हिमोग्लोबिन, सहा महिन्यांची उंची, दोन वर्षांची उंची, डोक्याचा घेर असं सगळं मुख्य निष्पत्ती म्हणून लिहिलं, तर यातलं काहीतरी योगायोगानंच लक्षणीय निघेल. मुख्य एक-दोनच ठेवा.

शोध

शोध असा हवा, की पिकोतल्या प्रत्येक तुकड्यासाठी सगळी समानार्थी नावं ऑरनं जोडलेली आणि तुकडे एकमेकांशी अँडनं. प्रेग्नन्सी, प्रेग्नंट वुमन, अँटिनेटल, प्रिनेटल, मॅटर्नल ही एक ओळ. सप्लिमेंट, फूड, स्नॅक, बॅलन्स्ड प्रोटीन एनर्जी, लिपिड-बेस्ड न्यूट्रियंट ही दुसरी. शिवाय पबमेडचे मेश शब्द (पेपरांना विषयानुसार लावलेली ठरावीक लेबलं) वेगळे टाका. 'मॅटर्नल न्यूट्रिशनल फिजिऑलॉजिकल फेनॉमेना' असं लांबलचक मेश नाव आहे आणि ते बहुतेकांकडून सुटतं. अ‍ॅनिमियाचं ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग दोन्ही द्या. भारतीय पेपरसाठी आयसीडीएस (एकात्मिक बालविकास योजना) आणि अंगणवाडी हे शब्द टाका. अंगणवाडी रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जाते, ती सगळी रूपं घ्या. चौथ्या तुकड्याचे, म्हणजे निष्पत्तीचे शब्द शोधात न घातलेलेच बरे. पुष्कळ ट्रायलमध्ये जन्मवजन मोजलेलं असतं, पण सारांशात त्याचा उल्लेख नसतो.

पबमेडवर 'ह्यूमन्स'चं फिल्टर लावू नका. मेशचं लेबल न चिकटलेले नवे पेपर त्यात गळून पडतात. उंदरांवरचे अभ्यास ढिगानं येतील, ते हातानं काढा.

फक्त पबमेडवर थांबलात, तर समीक्षक पहिल्याच पानावर विचारेल. पुढचे डेटाबेसही बघा : कॉक्रेनचा सेंट्रल हा ट्रायलचा साठा, जागतिक आरोग्य संघटनेचा ग्लोबल इंडेक्स मेडिकस, आणि कॉलेजकडे असतील तर एम्बेस व स्कोपस. शेवटच्या दोघांना वर्गणी लागते. ग्रंथपालांकडे जाऊन बसा, त्यांना शोधाची रचना आपल्यापेक्षा चांगली कळते आणि ते मनापासून मदत करतात. अप्रकाशित कामासाठी भारतीय ट्रायल नोंदणी म्हणजे सीटीआरआय, जी २००७ पासून आहे, आणि पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा. इथे आपल्याला खास संधी आहे. होम सायन्सच्या प्रबंधांत आहारावरचे कितीतरी लहान प्रयोग पडून आहेत, जे परदेशी टीमला सापडत नाहीत.

प्रत्येक डेटाबेसचं नाव, शोधाची तारीख, शोधवाक्य जसंच्या तसं आणि मिळालेल्या नोंदींचा आकडा त्याच दिवशी लिहून ठेवा. प्रिझ्मा २०२० या रिव्ह्यू कसा मांडायचा सांगणाऱ्या मार्गदर्शिकेच्या प्रवाहचित्रात हेच आकडे भरायचे असतात.

चाळणी

सगळ्या नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणा, दुहेरी नोंदी काढा, मग रेयान या चाळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. झोटेरो मोफत आहे आणि मागे घेतलेला पेपर असेल तर तसा इशाराही देतो. दोघांनी एकमेकांचं न बघता शीर्षक-सारांश चाळायचे. सुरुवातीला पन्नासेक नोंदी दोघांनी करून मतं जुळवा. बहुतेक वाद निकषांच्या ढिल्या शब्दांमुळे होतात आणि ते इथेच मिटतात. "मुलं" म्हणजे किती महिन्यांपर्यंत? शून्य ते पाच वर्षांच्या अभ्यासात दोन वर्षांखालचे आकडे वेगळे दिले नसतील तर काय? याचं उत्तर निकषात नसेल, तर तीन महिन्यांनी दोघं भांडत बसाल. पूर्ण पेपर वाचून वगळलेल्या प्रत्येक अभ्यासाचं एक कारण नोंदवा. सारांश वाचून वगळलेल्यांची कारणं द्यावी लागत नाहीत.

डेटा काढणं : इथे घाई नको

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. दोघांनी वेगवेगळ्या एक्सेल शीटमध्ये आकडे भरायचे आणि मग ताडून बघायचे.

एक उदाहरण जवळून पाहू. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ मध्ये सुरू झालेली ट्रायल, जी सरस प्रकल्प म्हणून ओळखली जाते. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ महिलांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला. निकाल २०१४ मध्ये आले. ज्यांना ज्या गटात टाकलं त्याच गटात मोजलं, तर जन्मवजनातला फरक २६ ग्रॅम, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) उणे १५ ते ६८. म्हणजे शून्य आतच आहे, फरक नक्की सांगता येत नाही. पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधीपासून खाऊ सुरू केला, फक्त त्यांचा हिशेब केला, तर ४८ ग्रॅम, इंटरव्हल १ ते ९६. आणि मातेच्या गर्भधारणेपूर्वीच्या बीएमआयनुसार तीन गट पाडले, तर सगळ्यात बारीक मातांमध्ये उणे २३, मधल्या गटात ३४, वरच्या गटात ९६ ग्रॅम.

तुमच्या शीटमध्ये यातला कोणता आकडा जाणार? प्रोटोकॉलमध्ये लिहिलं असेल, तर उत्तर एका सेकंदात मिळतं : २६. बाकीचे आकडे वेगळ्या रकान्यात, उपगटाच्या चर्चेसाठी. लिहिलं नसेल, तर माणूस नकळत ४८ उचलतो. आणि बीएमआयचा तो निष्कर्ष विदर्भासाठी फार महत्त्वाचा आहे. सगळ्यात बारीक मातांच्या बाळांना खाऊचा फायदा दिसला नाही, तर आपल्याकडे कुणाला, किती आणि केव्हापासून द्यायचं हा प्रश्न खुला राहतो. म्हणून मातेचा बीएमआय हा रकाना कुठल्याही परिस्थितीत ठेवा.

दुसरी जागा म्हणजे ± चं चिन्ह. पेपरमध्ये "जन्मवजन २६५० ± २०, माता ४००" असं दिसलं, तर थांबा. नवजात बाळांच्या वजनातला स्टँडर्ड डिव्हिएशन (वजनं सरासरीपासून किती पसरलेली आहेत ते) साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास असतो. सगळी बाळं वीस-वीस ग्रॅमच्या फरकात जन्मली, असं कोणत्याही प्रसूती वॉर्डात होत नाही. हा स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) आहे. ४०० चं वर्गमूळ २०, त्याला २० नं गुणलं की डिव्हिएशन ४००. हे न ओळखता २० हाच डिव्हिएशन म्हणून भरला, तर फिक्स्ड इफेक्टच्या (सगळ्या अभ्यासांत खरा परिणाम एकच धरणाऱ्या) हिशेबात त्या एका पेपरचा भार ४०० पट होतो आणि तो सगळा निकाल आपल्याकडे ओढतो. प्रसूती वॉर्डात काम केलेल्या नर्सला ही चूक संख्याशास्त्र्याच्या आधी दिसते, हे मी आवर्जून सांगते.

तिसरी जागा, क्लस्टर ट्रायल. पोषणातले बरेच प्रयोग बाई-बाई वेगळी करून होत नाहीत, अंगणवाडी किंवा गावच्या गाव एका गटात टाकलं जातं. एका अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ५०० मुलं म्हणजे ५०० स्वतंत्र माहित्या नव्हेत. पेपरनं याची दुरुस्ती केलेली नसेल, तर ती आपण करायची. दर अंगणवाडीत २५ मुलं आणि इंट्राक्लस्टर कोरिलेशन (एका अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी असण्याचं माप) ०.०२ धरलं, तर डिझाइन इफेक्ट १ + २४ × ०.०२ = १.४८. ५०० भागिले १.४८, म्हणजे उपयोगाची मुलं सुमारे ३३८. ग्वाटेमालातला १९६९ ते १९७७ चा प्रसिद्ध प्रयोग आठवा. दोन गावांना प्रथिनयुक्त अतोले हे पेय, दोन गावांना प्रथिनं नसलेलं फ्रेस्को. एकूण गावं चारच. त्यातून कितीतरी पेपर निघाले, पण तुमच्या रिव्ह्यूत तो अभ्यास एकच मोजायचा. एकाच ट्रायलचे पाच पेपर पाच अभ्यास म्हणून धरले, तर त्याच माता पाच वेळा मोजल्या जातात. नोंदणी क्रमांक, गावांची नावं, भरतीची वर्षं ताडली की हे उघड होतं.

आणि पट्ट्या. मुलांच्या वाढीची जागतिक आरोग्य संघटनेची मानकं २००६ मध्ये आली, त्याआधीचे पेपर अमेरिकेतल्या एनसीएचएसच्या जुन्या तक्त्यावर आहेत. तेच मूल एका पट्टीवर खुजं आणि दुसरीवर नाही, असं होतं. हिमोग्लोबिनचंही तसंच : गरोदरपणात ११ ग्रॅम ही जुनी सीमा. २०२४ च्या मार्गदर्शिकेत दुसऱ्या तिमाहीसाठी ती १०.५ झाली, ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठीही १०.५. कोणती पट्टी, बोटातलं रक्त की शिरेतलं, हे दोन रकाने आधीच आखा.

पक्षपाताची तपासणी

रँडमाइज्ड ट्रायलसाठी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेल्या प्रयोगांसाठी) रॉब-२ ही प्रश्नावली, इतर तुलनात्मक अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय. दोन्हीचे प्रश्न छापील आहेत, ते वाचून भरता येतात. पण पोषणात उत्तर द्यायला घर माहीत असावं लागतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि बाळाचं वजन दुसऱ्याच तालुक्यात, कधी दुसऱ्याच राज्यात होतं. त्यामुळे ट्रायलमध्ये गळालेल्या माता या वाटेल त्या नसतात. त्यात पहिलटकरणी जास्त, आणि पहिलं बाळ सरासरी थोडं हलकं असतं. पेपरमध्ये नुसतं "फॉलोअपमध्ये १५ टक्के गळती" वाचून पुढे जाऊ नका. दोन्ही गटांत गळती सारखी होती का, गळालेल्यांत पहिलटकरणी किती, हे शोधा. खाऊ मिळतो म्हणून एका गटातल्या बायका सासरीच थांबल्या असतील, तर तुलना बिघडली.

वाटणी. घरात आणलेलं पाकीट सगळ्यांत वाटलं जातं, शिवाय पाकीट मिळतंय म्हणून रोजच्या जेवणातली पोळी कमी होते. समोर बसवून खाऊ घातलं की घरी दिलं, हे पेपरमध्ये शोधाच. गोळ्यांना आंधळेपणा (कुणाला काय मिळतंय हे लपवणं) राखता येतो, शिऱ्याला किंवा चिक्कीला नाही. म्हणून आहाराच्या ट्रायलला त्या एका कारणावरून सरसकट "जास्त धोका" देऊ नका. वजन घेणाऱ्याला गट माहीत होता का, हा खरा प्रश्न.

आणि २५०० वरची गर्दी. नोंदवहीतली जन्मवजनं २०००, २५००, ३००० अशा गोल आकड्यांवर साचतात. २५०० ग्रॅमच्या खाली गेलं तर कमी वजन, त्यामुळे नेमक्या या आकड्यावरची साचण टक्केवारी हलवते. दवाखान्याच्या वहीतून घेतलेलं वजन आणि संशोधकांनी ठराविक तासांत डिजिटल काट्यावर घेतलेलं वजन, यांना एकाच भरवशानं वागवू नये.

एकत्र करणं

फॉरेस्ट प्लॉट (प्रत्येक अभ्यासाचा आणि सगळ्यांचा मिळून परिणाम दाखवणारा आलेख) काढायला आर या मोफत सॉफ्टवेअरमधलं मेटाफॉर पॅकेज पुरेसं आहे. कॉक्रेनचं बोधचिन्ह म्हणजे असाच एक प्लॉट आहे. अकाली प्रसूतीच्या धोक्यातल्या मातांना दिलेल्या स्टेरॉइडच्या सात ट्रायलचा. आहाराचे अभ्यास एकमेकांपेक्षा वेगळे असणारच, म्हणून रँडम इफेक्ट्स (खरा परिणाम अभ्यासागणिक बदलतो असं धरणारी पद्धत) हेच बहुतेक वेळा योग्य. आय-स्क्वेअरचा (अभ्यासांचे निकाल एकमेकांशी किती जुळत नाहीत याचा) आकडा मोठा आला की घाबरून उपगटांवर उपगट पाडू नका, आधी ठरवलेलेच पाडा. दहापेक्षा कमी अभ्यास असतील, तर न छापलेले अभ्यास राहून गेले का हे सुचवणाऱ्या फनेल प्लॉटवरून काहीही बोलू नये. आणि एकत्र करण्याजोगे आकडेच नसतील, तर जबरदस्तीनं बेरीज नको. २०२० च्या स्विम मार्गदर्शिकेनुसार परिणामांची दिशा आणि आकार तक्त्यात मांडा. तोही पूर्ण रिव्ह्यूच असतो.

भरवसा किती

ग्रेड या पुराव्याचा भरवसा ठरवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक निष्पत्तीला चारपैकी एक पातळी मिळते : उच्च, मध्यम, कमी, अतिकमी. खाली आणणारी कारणं पाच. त्यातलं अप्रत्यक्षपणा (पुरावा आपल्यापेक्षा वेगळ्या लोकांवरचा असणं) हे कारण आपण गांभीर्यानं घ्यावं. एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी होती, देशात १९.३ टक्के. बांध्यानं वेगळ्या लोकसंख्येतल्या ट्रायलचा आकडा आपल्याकडे तसाच लागू होतो का, हे टीममध्ये बोलून ठरवा आणि का ठरवलं ते लिहा.

पेपर पाठवण्याआधी शोध पुन्हा एकदा चालवा. शेवटच्या शोधाला वर्ष उलटलं असेल, तर नवी ट्रायल आलेली असू शकते. एक्सेल शीट झेनोडोसारख्या खुल्या जागी टाका. आणि एक पान मराठीत वेगळं करून जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला नेऊन द्या. त्यावर ग्रॅममधला फरक, त्याचा इंटरव्हल, ग्रेडची पातळी आणि कोणत्या मातांवर हे तपासलं गेलं, एवढं ठळक असू द्या.